धुक्यातला पाववाला

"ए, डोकं खाली घाल! तुझी ती लाल टोपी पार लीमापर्यंत दिसत असेल!"

"आणि तुझी कुजबुज पार समुद्रापर्यंत ऐकू जात असेल, शहाण्या!"

"गप्प बसा रे!" निल्दाने दोघांनाही कोपराने ढोसलं. "ती उठली ना, तर दोघांनाही बकऱ्यांबरोबर बांधून ठेवीन!"

तेओ आणि ब्रिसा ही भांडकुदळ भावंडं लगेच गप्प झाली. दुर्बीण तेओची असली तरी डोंगर निल्दाचा होता. गावातली ही दोघं सुट्टी लागल्यावरच वर यायची. निल्दा मात्र आईबाबांबरोबर आणि सगळ्या कळपाबरोबर धुकं उतरल्यापासून इथेच झोपडीत राहत होती.

तिघं एका खडकामागे पालथी पडली होती. कोपरं भिजली होती, नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि पाऊस म्हणाल तर थेंबभर नाही! सगळं धुक्याचंच काम. समुद्रावरून यायचं, डोंगरावर टेकायचं, आणि उन्हाळाभर मेल्यासारख्या पडलेल्या लोमांना, म्हणजे या समुद्राकाठच्या उतारांना, हिरवंगार करून टाकायचं. अमांकाएसची पिवळी फुलं तर इतकी फुलली होती की पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडावा. निल्दा दरवर्षी हे बघायची आणि दरवर्षी तिला वाटायचं, छे, गेल्या वर्षी एवढं सुंदर नव्हतं!

समोर हाकेच्या अंतरावर वेरेकेके पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती. लांब पाय दुमडलेले, मोठाले पिवळे डोळे अर्धे मिटलेले. घरटं आपलं म्हणायला. ना काडी, ना पान. मातीत जरासा खळगा आणि त्यात दोन ठिपकेदार अंडी. पण तुम्ही नजर हलवलीत की ती बाई मातीत नाहीशी! पुन्हा शोधून दाखवा म्हणावं.

"काय रुबाब आहे हिचा!" निल्दा पुटपुटली. "नुसती बसलीय, तरी बघत राहावंसं वाटतं."

"तुझं सगळं हिच्यावरच अवलंबून आहे म्हणून वाटतं तसं," तेओ म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

खोटं नव्हतं ते. या हंगामात वेरेकेकेची दोन घरटी फुकट गेली होती. अंडी गायब, आणि आसपास बकऱ्यांच्या लेंड्या. बकऱ्यांची वाट तिथूनच जात होती, त्यामुळे दोष कुणावर आला हे सांगायला नकोच. रविवारी संरक्षित लोमांची समिती पाहणीला येणार होती. हे तिसरं घरटंही गेलं, तर निल्दाच्या बाबांचा कळप लोमांवरून कायमचा बंद. मग जायचं कुठे? खाली वाळू, आणि वर त्यांच्या डोंगरातल्या गावी या दिवसांत गवताची काडी नाही. बकऱ्या विकून टाकायच्या, दुसरं काय! म्हणून तर निल्दाने कळप पलीकडच्या उतारावर हाकलला होता आणि इथे डोळ्यांत तेल घालून पहारा चालवला होता.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला.

"केके-केके-वेरेकेकेके!"

मादीने मान ताठ केली. जवळच उभा असलेला नर तर एकदम पिसारून उठला. भर दिवसा, आपल्या हद्दीत, परका वेरेकेके? ही काय दादागिरी! पुन्हा हाक आली. झालं! नर धावला, त्याच्यामागे मादीही तुरुतुरु धावली, आणि दोन्ही अंडी उघडी पडली.

"अगं बाई! दोघंही गेली!" ब्रिसाने तोंडावर हात ठेवला.

धुकं अंड्यांवर ओलं ओलं उतरत होतं. आणि त्या झुडपामागून ते काय डोकावलं? नाक. मग कान. कोल्हा! बेट्याला कुणीतरी आमंत्रण दिल्यासारखा तो थेट खळग्याकडे निघाला होता. निल्दाने दगड उचलला, नेम धरून त्याच्या पुढ्यात भिरकावला. कोल्हा टुणकन उडाला आणि धुक्यात पसार झाला.

"केके-केके-वेरेकेकेके!" पुन्हा तोच आवाज. आणि त्याच्या पाठोपाठ:

पँऽऽ प पँऽऽ... खर्रर्र. आणि मग एक बारीकशी कीऽक!

निल्दाने कान टवकारले. "ऐकलंत?"

"वेरेकेके ना? ऐकला की."

"नाही रे, भोंगा! फाउस्तोकाकांचा भोंगा!"

"हां, पाववाल्याचा," तेओ जांभई देत म्हणाला. "मग त्यात काय? रोजच तर वाजतो."

"तुमच्या गल्लीत वाजतो रोज! इथे कोण पाव विकतंय? कोल्हा?"

तेओची जांभई अर्ध्यावरच थांबली. ब्रिसा तर उठूनच बसली. गावात सकाळी तो भोंगा इतका ठरलेला की कुणाला तो ऐकूच येत नसे. कान त्याला ओलांडून पुढे जायचे. निल्दाचं तसं नव्हतं. ती चीज घेऊन कधीमधी खाली जायची, तेव्हाच तिला तो ऐकू यायचा, आणि त्या आवाजामागून येणारा गरम पावाचा वास तिला झोपेतही आठवायचा.

"मला भूक लागलीय म्हणून मला वाटलं, भास झाला," ब्रिसा म्हणाली. "पण तो शेवटचा खोकला त्यांचाच. भोंगा सायकलखाली चेपला ना, तेव्हापासून तो असाच खोकतो."

एवढ्यात धुक्यातून माणसंच बाहेर आली. पुढे खिसेच खिसे असलेलं जाकीट घातलेले सेन्योर उरेता, मागे गळ्यात भलेमोठे कॅमेरे अडकवलेले लीमाचे पाहुणे. उरेता पाहुण्यांना पक्षी दाखवायचे आणि दाखवायचेच. "माझ्याबरोबर आलात तर वेरेकेके दिसणारच!" असं ते छातीठोकपणे सांगायचे, आणि खरंच दिसायचा.

"तुम्ही इथे काय करताय?" ते निल्दावर खेकसले. "पुन्हा बकऱ्या आणल्यास वाटतं?"

"बकऱ्या पलीकडे आहेत, सेन्योर! एकही इकडे नाही."

"हो हो, दरवेळी पलीकडेच असतात! आणि अंडी मात्र इकडची जातात. रविवारी समितीपुढे बोलू आपण." एक हात खिशात घालून ते पाहुण्यांना घेऊन निघून गेले.

निल्दाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मग मादी परत आली, अंड्यांजवळ थबकली, चोचीने एक अंडं हळूच सारखं केलं आणि वर बसली. तेव्हा कुठे निल्दाने श्वास सोडला.

संध्याकाळी ती झोपडीवर गेली तर बाबा चटया गुंडाळत होते. चीजचे साचे पोत्यात भरून ठेवलेले. गाढवावर ओझं बांधायची दोरीही काढलेली.

"रविवार अजून आला नाही, बाबा!"

"आला की मग घाई नको," बाबा म्हणाले. ते कमीच बोलायचे. दोरीच्या गाठी मात्र पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

शनिवारी सकाळी निल्दा खाली गावात धावली. घराघरावर राष्ट्रीय सणाचे लाल-पांढरे झेंडे लागले होते. दोमितिलामावशींच्या, म्हणजे तेओ-ब्रिसाच्या आईच्या, दारात फाउस्तोकाका सायकल टेकवून उभे होते. मागच्या भल्यामोठ्या टोपलीवर निळं कापड, कापडाखालून वाफ.

"काका, तुम्ही काल डोंगरावर आला होतात का?" निल्दाने धापा टाकत विचारलं.

"मी? डोंगरावर? या गुडघ्यांनी?" फाउस्तोकाका भलतेच दुखावले. "पोरी, मी चर्चच्या पायऱ्या चढताना दोनदा देवाचं नाव घेतो! कुणी सांगितलं तुला?"

"तुमचा भोंगा ऐकला आम्ही. वर. धुक्यात."

"माझा भोंगा माझ्या गळ्यात असतो. झोपतानासुद्धा!"

"म्हणून काकू शेजारच्या खोलीत झोपतात," ब्रिसा म्हणाली, आणि दोमितिलामावशींनी तिच्या पाठीत हलकीशी चापट मारली.

फाउस्तोकाकांनी रागारागाने भोंगा तोंडाला लावला. पँऽऽ प पँऽऽ... खर्रर्र! आणि त्याबरोबर अंगणातून कर्नल किंचाळला.

कर्नल म्हणजे या घरचा वेरेकेके. पंख मोडून रस्त्यात पडलेला, मावशींनीच वाढवलेला. राखणदारीला कुत्र्यापेक्षा सरस! परकं माणूस आलं की ओरडायचा, आणि पाववाला आला की दुप्पट ओरडायचा, कारण काका त्याला पावाचा तुकडा टाकायचे. तुकडा मिळाला की एक बारीकशी, चिरकी "कीऽक!" आणि मग स्वारी शांत.

निल्दा एकदम थिजली. "पुन्हा वाजवा, काका!"

"का? मी काय बँडवाला आहे?"

"वाजवा ना!"

भोंगा वाजला. केके-केके-वेरेकेकेके! तुकडा. कीऽक!

"तोच!" निल्दाने तेओचा दंडच पकडला. "काल भोंग्यानंतर ती कीऽकसुद्धा होती! डोंगरावर कुणी परका वेरेकेके नाहीच. तो कर्नल आहे!"

"वेडी का तू? कर्नल इथे आहे. एका पंखाचा."

"तो इथे आहे. त्याचा आवाज तिथे आहे!"

आता तेओच्या डोक्यात प्रकाश पडला. "सेन्योर उरेता!" तो ओरडला. "ते आमच्याकडे नाश्ता करतात! आई, ते परवा कर्नलसमोर मोबाइल धरून बसले होते की नाही?"

"परवा कशाला, महिन्याभरापूर्वीच," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं फोटो काढतायत. कौतुकाने मी त्यांना एक रताळं जास्त वाढलं! परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं."

तिघं परत वर निघाली ती जवळजवळ पळतच. धुकं पकडायच्या जाळ्यांपाशी, जिथे ते थेंब थेंब होऊन टाकीत उतरतं, तिथे क्षणभर थांबून पाणी प्यायली आणि घरट्याच्या बाजूला वळली. पण शोधायचं कुठे? सगळीकडे खडक, शेवाळं आणि फुलं!

"ते बघ कसं उभं आहे," ब्रिसा हळूच म्हणाली.

एका बिळाबाहेर चिमुकलं घुबड उभं होतं. ही घुबडं जमिनीतच राहतात आणि दिवसाढवळ्या दारात उभी राहून जगाकडे बघतात. पण हे घुबड जगाकडे पाठ करून आपल्याच बिळाकडे बघत होतं! मान खाली, मान वर, पुन्हा खाली. घरात आगंतुक पाहुणा येऊन बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही, असा त्याचा चेहरा.

निल्दा रांगत गेली. घुबड चिडून दोन पावलं सरकलं. तिने बिळाच्या तोंडात हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक काळा गोल डबा बाहेर काढला.

"स्पीकर!" तेओने डोळे विस्फारले. "मोबाइलवरून वाजवायचा! खिशात हात घातला, बटण दाबलं, की कर्नल ओरडला! आणि ही बिचारी अंडी सोडून त्याला हाकलायला धावली, की पाहुण्यांच्या कॅमेऱ्यासमोर हजर!"

"आणि अंडी कोल्ह्याला," निल्दा म्हणाली. "दोन्ही घरटी अशीच गेली! आणि नाव आमच्या बकऱ्यांचं! चल, आत्ताच्या आत्ता समितीकडे!"

"थांब." तेओने तिला अडवलं. "ते म्हणतील, डबा तुम्हीच ठेवलात. घरटं तुझ्या वाटेवर, डबा तुझ्या हातात. मग?"

खरंच होतं ते. तिघं दगडावर बसली. घुबड बिळात शिरलं, आतून फिरून पुन्हा दारात आलं आणि आता कुठे समाधानाने जगाकडे बघू लागलं.

मग ब्रिसाच हसायला लागली. हसता हसता ती इतकी वाकली की लाल टोपी गवतात पडली. "भोंगा वाजला तर वाजवणाराही हवा ना शेजारी! समितीला भूक लागेल की नाही उद्या?"

रविवारी धुकं असं दाट होतं की माणूस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. जाळ्यांजवळच्या सपाटीवर समिती जमली होती. अध्यक्ष ऑर्तेन्सियाबाई, गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच शाळेत शिकवलेलं, काठी टेकत पुढे उभ्या होत्या. निल्दाचे बाबा हॅट हातात घेऊन बाजूला. उरेता आपल्या पाहुण्यांसह आलेले. आणि सर्वांच्या मधोमध, धापा टाकत, सायकल ढकलत वर आलेले फाउस्तोकाका!

"ही ब्रिसा म्हणाली, समितीला पाव हवेत," ते कपाळ पुसत म्हणाले. "गुडघे गेले माझे. पण पाव गरम आहेत."

"आधी काम, मग पाव," ऑर्तेन्सियाबाई म्हणाल्या. "बोला, सेन्योर उरेता."

उरेता बोलले. बरंच बोलले. बकऱ्या कशा तुडवतात, पक्षी कसे बिथरतात, हा डोंगर म्हणजे केवढं धन. बाबांची मान खाली खाली जात होती. निल्दाने मुठी आवळल्या. बोलायचं नाही, बोलायचं नाही, ती स्वतःला बजावत होती.

"एवढं होऊनही हे शूर पक्षी टिकून आहेत," उरेतांनी शेवट केला. "ऐकायचंय? शांत राहा. तिकडे, त्या खडकांमागे. आता हाक येईल बघा." आणि त्यांचा हात अलगद खिशात गेला.

"केके-केके-वेरेकेकेके!"

हाक आली. पण खडकांमागून नाही. पावाच्या टोपलीतून!

फाउस्तोकाका टाणकन उडाले. "देवा रे! पाव ओरडतायत!"

पँऽऽ प पँऽऽ... खर्रर्र! टोपलीतूनच. काकांनी गळ्यातला भोंगा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, त्यात फुंकर मारली, कानाशी हलवला. "मी वाजवला नाही! आईशपथ! हा माझाच सूर आहे, पण मी वाजवला नाही!"

कीऽक! टोपली म्हणाली.

उरेतांची पाचावर धारण बसली. खिशातल्या खिशात त्यांची बोटं बटण शोधू लागली. बंद करायला गेले आणि आवाज मोठा झाला. "केके-केके-वेरेकेकेके!" पाहुणे हसू दाबत होते. ऑर्तेन्सियाबाईंनी शांतपणे निळं कापड उचललं, पावांमधून तो काळा डबा काढला आणि उरेतांपुढे धरला.

"हात बाहेर काढा, सेन्योर. मोबाइलसकट. शाळेतही मी असंच सांगायची."

बिंग फुटलं ते फुटलंच. मग निल्दाने सगळं सांगितलं: कोल्हा, घुबडाचं बीळ, कर्नल, भोंगा. बाबा तिच्याकडे पाहतच राहिले.

"मी... मला वाटलं, नुसता आवाज तर आहे," उरेता कसेबसे म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. "पाहुणे लांबून येतात. पक्षी दिसला नाही तर हिरमुसतात. दोन घरटी माझ्यामुळे जातील असं... आणि तो भोंगा! मी इतक्यांदा ऐकला हो हा आवाज. मला कधी ऐकूच आला नाही."

"तुम्हाला नुसता आवाज," ऑर्तेन्सियाबाई म्हणाल्या. "त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, घरात शत्रू शिरला! आजपासून लोमांवर कुणीही कसलाही आवाज लावायचा नाही. आणि तुम्ही पाहुण्यांना इथे आणायचं असेल, तर या मुलीला विचारून, ती दाखवेल तिथून, ती म्हणेल तेवढा वेळ."

"तोंड मिटून," ब्रिसाने जोडलं.

"ब्रिसा!" तेओने तिला कोपर मारलं.

"बरोबर बोलली ती," बाई म्हणाल्या. "तोंड मिटून. मुलांनो, समितीला जे इतके दिवस दिसलं नाही ते तुम्ही पाहिलं. शाबास! आता घरटं दाखवा."

सगळे खडकामागे बसले. पाहुणे, समिती, उरेता, सगळे ओले आणि सगळे गप्प. फाउस्तोकाकांनी तर भोंग्यात रुमाल कोंबला होता. कुणी हाक मारली नाही, कुणी बटण दाबलं नाही. नुसती वाट पाहिली. पाहता पाहता धुकं जरासं वर उचललं, उतारभर पिवळी फुलं उजळली, आणि मातीतून ते दोन पिवळे डोळे उमटले.

मादी उठून उभी राहिली. एक अंडं होतं. दुसऱ्याच्या जागी कवचाचे दोन तुकडे, आणि त्यांच्या शेजारी ओलंचिंब, लटपटतं, मातीच्याच रंगाचं पिल्लू! ते दोन पावलं चाललं, कोलमडलं, आणि आईच्या पोटाखाली घुसलं.

"अहाहा!" हा आवाज उरेतांचा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कॅमेरा उचलायचं त्यांच्या पाहुण्यांनाही सुचलं नव्हतं.

ऑर्तेन्सियाबाईंनी मागे वळून निल्दाच्या बाबांचा हात हातात घेतला. "पुढच्या वर्षीही या. या डोंगराला तुमच्या घरची माणसं हवीत."

बाबांनी मान डोलावली. उतरताना मात्र ते भराभरा चालत होते, इतके की निल्दाला धावावं लागलं. झोपडीपाशी गाढव उभं होतं, पाठीवर चटया आणि साचे, पहाटेच बांधून ठेवलेले. बाबांनी गाठीला हात घातला, मग थांबले आणि दोरीचं टोक निल्दाच्या हातात दिलं.

"सोड," ते म्हणाले. "तूच सोड, बाळा."